वघईच्या बागेतील निसर्गपाठ

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे खानदेशातून तापीच्या काठाकाठाने सुरतेस आली. कोणी नंदुरबार-शहाद्याकडील, कोणी अमळनेर-चोपड्याकडील. गावी ज्या हातांनी कापूस वेचला आणि दादरची कणसे खुडली, त्याच हातांनी येथे लूम चालविला, साडीवर टिकल्या लावल्या, मार्केटात गाठोडी वाहिली. त्यांची मुले आज आमच्या वर्गात बसतात. मुले हुशार आहेत. मीटर, वजन व भाव यांचा हिशेब ती तोंडी करतात. परंतु भुईमुगाची शेंग झाडाला कोठे लागते, असे आम्ही सातवीच्या वर्गात विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी ‘फांदीला’ असे उत्तर दिले. ज्याने ते सर्वांत मोठ्याने दिले, त्याच्या वडिलांनी पंधरा वर्षे भुईमूग पिकविला होता.

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. भुईमुगाचे फूल वर, उजेडात येते. ते कोमेजल्यावर त्याच्या बुडातून एक दांडी निघते, खाली वळते, मातीत शिरते आणि मग शेंग धरते. ‘भुईमूग’ या नावातच भुई आहे. बापाला ठाऊक असलेली गोष्ट मुलाला ठाऊक नाही, आणि मधे गेली फक्त एक पिढी. शेतकऱ्याचे ज्ञान कोणी पुस्तकात लिहून ठेवलेले नसते. ते हातातून हातात जाते आणि हात बदलला की बुडते. म्हणून आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा आम्ही हाच विषय घेतला : सार्वजनिक वनस्पती-उद्यानात मुलांना काय व कसे शिकविता येते.

शिक्षणशास्त्रात ही गोष्ट नवी नाही. जर्मनीतील फ्रोबेलने बालशाळेला १८४० मध्ये जे नाव दिले, त्याचा अर्थच ‘मुलांची बाग’ असा आहे. दूर कशाला, गुजरात व महाराष्ट्र यांच्या सीमेवर, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरे चारावयास जात म्हणून शाळेत येऊ शकत नसत, तेव्हा या बायांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. गवत, बिया, खडे, पाने हेच तेथील शिक्षणाचे साहित्य. ताराबाईंनी त्याआधी भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले होते. म्हणजे या कामात मराठी व गुजराती पूर्वीच एकत्र आले आहेत. आमची अडचण कोसबाडच्या उलट आहे. तेथे मूल कुरणात होते आणि शाळा दूर होती. आमचे मूल शाळेत आहे आणि कुरण दूर आहे.

पण फार दूर नाही. सुरतेहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, डांग जिल्ह्याच्या तोंडाशी वघई हे गाव आहे. त्याच्याजवळ वनखात्याचे वनस्पती-उद्यान आहे. सुमारे २४ हेक्टर जागा, हजाराहून अधिक जातींच्या वनस्पती, बांबूंचा मोठा संग्रह, औषधी झाडांचा विभाग. गुजरातेतील मोठ्या वनस्पती-उद्यानांत त्याची गणना होते. शेजारी अंबिका नदी, तिच्यावरील गिरा धबधबा, आणि पलीकडे वांसद्याचे राष्ट्रीय उद्यान. सुरतेतील गांधीबागेत किंवा सरथाण्यास मुलांना अवश्य न्यावे. पण तेथे मूल फिरावयास जाते, शिकावयास नव्हे. शोभेची बाग आणि वनस्पती-उद्यान यांत फरक आहे. वनस्पती-उद्यानात झाड सुंदर दिसते म्हणून नव्हे, तर ते अमुक एक झाड आहे म्हणून लावलेले असते. मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये उघडली ती मुळात वनस्पती-उद्यान म्हणूनच. प्राणी मागून आले, आणि लोक प्राण्यांकडेच पाहू लागले.

बिलिमोऱ्याहून वघईस जाणारी ६३ किलोमीटरची छोटी रेल्वे गायकवाड सरकारच्या काळात बांधली गेली, ती मुख्यतः डांगचे लाकूड आणण्यासाठी. २०२० मध्ये ती बंद पडली होती, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. मुलांना त्या गाडीचे फार अप्रूप वाटते. तथापि ज्यांना एका दिवसात परतावयाचे आहे त्यांनी बस ठरवावी. गाडी रमतगमत जाते आणि अर्धा दिवस तिच्यातच संपतो.

बागेत शिरताच पहिला पाठ नावांचा. आमच्या वर्गातील मुले घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी वाचतात, रस्त्यावर गुजराती ऐकतात. काही घरांत, जसे आमच्या, उर्दूही चालते. एका झाडापुढे उभे राहून आम्ही विचारतो : याचे नाव काय? कोणी म्हणतो कडुनिंब, कोणी लीमडो, कोणी नीम. चिंचेला आमली, इमली, मोहाला महुडो, वडाला बरगद. भांडण लागण्याच्या बेतात आले की पाटी दाखवावी. पाटीवरील लॅटिन नाव हे कोणाच्याच घरचे नाही, म्हणूनच ते सर्वांना चालते. स्वीडनच्या लिनियस याने १७५३ मध्ये ही दोन शब्दांची नावे पद्धतशीरपणे रूढ केली. पहिला शब्द कुळाचा, दुसरा त्या एका झाडाचा. आपल्याकडे जसे आडनाव व नाव, फक्त आडनाव आधी. मुलांना हे लगेच समजते, कारण शाळेच्या हजेरीपटात त्यांची नावे तशीच लिहिलेली असतात.

दुसरा पाठ पळसाखाली. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण प्रत्येक मराठी मुलाला येते. उर्दूत व हिंदीत हीच म्हण ‘ढाक के तीन पात’ अशी आहे. ढाक म्हणजे पळसच. गुजराती मंडळी त्याला खाखरो म्हणतात. आता मुलांना खाली पडलेली पळसाची पाने गोळा करण्यास सांगावे आणि प्रश्न टाकावा : ही तीन पाने आहेत, की एकच? सारी मुले तीन म्हणतात. मग त्यांना फांदीजवळ न्यावे. जेथे पान फांदीला जोडलेले असते, त्या बेचक्यात एक बारीक डोळा असतो. त्यातून पुढे नवी फांदी फुटते. हा डोळा पानाच्या बुडाशीच असतो, दलाच्या बुडाशी नसतो. तिन्ही दलांच्या बुडाशी मुले शोध शोध शोधतात, डोळा सापडत नाही. तो सापडतो जेथे तिघांचा मिळून एकच देठ फांदीला भिडतो तेथे. म्हणजे पान एकच, दले तीन. म्हण खोटी ठरली काय? एका मुलाने आम्हांस उत्तर दिले, “सर, म्हण करणाऱ्याला पत्रावळ लावायची होती, डोळा मोजायचा नव्हता.” आमच्या मते हे उत्तर पूर्ण गुणांचे आहे. एवढे कळले की शेवगा, चिंच, कडुनिंब यांची ‘पाने’ मोजताना मूल आपोआप डोळा शोधू लागते, आणि जो मुलगा पुस्तकातील ‘संयुक्त पान’ ही व्याख्या तीनदा घोकून विसरला होता तो ती पुन्हा विसरत नाही.

तिसरा पाठ उंबराचा. यासाठी बराच वेळ हाताशी ठेवावा. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. उर्दूतही ‘गूलर का फूल’ म्हणतात. उंबराला फूल दिसत नाही, फळे मात्र खोडालाच लगडतात, यावरून लोकांनी ही कल्पना केली. खाली पडलेले एक उंबर चाकूने मधोमध कापावे. ज्याला आपण फळ म्हणतो ती खरोखर एक बंद थैली आहे आणि तिच्या आतील भिंतीवर शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली आहेत. उंबराचे फूल दुर्मीळ नाही, ते घरात बसलेले आहे, एवढेच.

पण मग त्या बंद घरात परागकण जातात कसे? थैलीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. त्यातून मुंगीहूनही लहान असा, गांधीलमाशीच्या जातकुळीतील एक मादी कीटक आत घुसतो. वाट इतकी अरुंद, की बहुधा त्याचे पंख तेथेच तुटतात. ही मादी दुसऱ्या उंबरात जन्मलेली असते व तेथील पराग अंगावर घेऊन आलेली असते. ती आतील फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढे अंड्यांतून नर व माद्या निघतात. नरांना पंख नसतात. त्यांचे आयुष्य त्या थैलीतच सुरू होते व बहुधा तेथेच संपते. ते थैलीच्या भिंतीला भोक पाडतात, आणि त्या भोकातून तरुण माद्या पराग घेऊन नवे उंबर शोधावयास बाहेर पडतात. हा कीटक नसेल तर उंबराला बी धरणार नाही, आणि उंबर नसेल तर कीटकाला जन्माला यावयास जागा नाही. वड, पिंपळ, अंजीर या सर्वांची तऱ्हा अशीच. बहुधा प्रत्येकाचा कीटक वेगळा. उंबरात किडे असतात म्हणून नाक मुरडणारी मुले हे ऐकल्यावर गप्प होतात व दुसरे उंबर कापावयास मागतात. एकाहून अधिक कापू देऊ नये. वटवाघळे, पोपट, माकडे यांचाही त्यावर हक्क आहे.

सागाविषयी थोडक्यात. कोवळे पान तळहातावर चोळले तर हात लाल होतो. हा प्रयोग गळलेल्या पानावर होत नाही, म्हणून बागेच्या माणसाला विचारून एकच पान घ्यावे. मुलांना इतिहास सांगावा तो असा : लवजी नसरवानजी वाडिया हा जहाज बांधणारा कारागीर आपल्याच सुरतेचा. १७३६ मध्ये तो मुंबईस गेला आणि त्याच्या घराण्याने तेथील गोदीत जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ चे मलबारी सागाचे ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये अजून पाण्यावर तरंगते आहे. डांगचे राजे व नाईक यांच्याकडून इंग्रजांनी १८४२ मध्ये जंगल भाडेपट्ट्याने घेतले, ते सागासाठीच. पाण्यात दोनशे वर्षे न कुजणारे लाकूड ज्या जंगलात होते, त्या जंगलाच्या मालकांना त्यातून काय मिळाले, हा प्रश्न मोठ्या वर्गातील मुलांनी विचारला तर तो टाळू नये.

बांबूच्या बेटांपाशी मुलांना आधी सांगावे, की हे झाड नव्हे, गवत आहे. ज्वारीचे धाट आणि बांबूची काठी शेजारी ठेवली, पेरे मोजली, की पटते. बांबूचा कोंब जमिनीतून जेवढा जाड निघतो तेवढाच जाड राहतो. तो वाढतो उंचीत, आणि एका मोसमात पूर्ण उंची गाठतो. सूप, टोपली, कणगी, ताटी हे सर्व त्याचेच. आमच्या मुलांपैकी कित्येकांनी सूप पाहिले होते ते गावी आजीच्या घरी. बांबू फुलतो तो पुष्कळ जातींत तीस, चाळीस, पन्नास वर्षांतून एकदा, आणि फुलला की बेटच्या बेट मरते. मिझोरममध्ये एक जात सुमारे ४८ वर्षांनी एकदम फुलते. बी खाऊन उंदीर माजतात, बी संपले की ते शेतात शिरतात. १९५९ च्या सुमारास तेथे त्यामुळे दुष्काळ पडला, आणि लोकांचा सरकारवर जो रोष झाला त्यातून पुढे मोठे बंड उभे राहिले. गवताच्या फुलाचा राज्यकारभाराशी असा संबंध येतो, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही.

रोपवाटिकेत कलम करताना पाहावयास मिळाले तर सोडू नये. ‘कलम’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ बोरूची लेखणी. बोरू जसा तिरपा छाटतात तशीच फांदी तिरपी छाटतात, म्हणून दोहोंना एकच शब्द. कलम जगते ते बांधणीच्या जोरावर नव्हे. साल व लाकूड यांच्या मधे एक हिरवट, ओला, पातळ थर असतो. दोन्ही फांद्यांचा तो थर एकमेकांस भिडला पाहिजे. न भिडला तर कितीही घट्ट बांधा, फांदी वाळते.

आता एक गोष्ट पालकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. एका शाळेच्या कुंपणाला मोगली एरंड लावलेला होता. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत म्हणून तो कुंपणाला लावतात. गुजरातीत त्याला रतनजोत म्हणतात. मधल्या सुट्टीत चार मुलांनी त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाल्ल्या. तासाभरात वांत्या व जुलाब सुरू झाले. मुले दवाखान्यात राहून बरी झाली, ही देवाची कृपा. आश्चर्य असे की त्यांच्यापैकी दोघांच्या आयांना ते झाड चांगले ठाऊक होते. पण मुलांना ते दाखविण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता. गावी असत्या तर पहिल्याच पावसात त्यांनी हात धरून दाखविले असते. म्हणून वघईस आम्ही औषधी झाडांच्या आधी विषारी झाडे शिकवितो : मोगली एरंड, धोतरा, कण्हेर, पिवळी कण्हेर, आणि गुंज. गुंजेचा लाल-काळा दाणा दिसावयास मणी; अखंड गिळला तर बहुधा तसाच बाहेर पडतो, पण फोडून किंवा चावून खाल्ला तर प्राणावर बेतते. मुलाने असे काही खाल्ले तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. उरलेली बी किंवा फांदी हातात घेऊन तडक दवाखाना गाठावा. कोणती वनस्पती, हे डॉक्टरांना कळणे हा अर्धा उपचार आहे.

बागेतून परतल्यावर काम संपत नाही. लिंबायत-उधन्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत बाग कोठून आणावी, असे पालक विचारतात. पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा पुरतो. रंगाचा किंवा रसायनाचा रिकामा डबा मात्र कितीही फुकट मिळाला तरी घेऊ नये. आपल्या शहरात असे डबे फार फिरतात. तळाला पाच-सहा भोके पाडावीत, खाली खापऱ्या घालाव्यात. येथील काळी माती एकटी घातली तर पाणी धरते व मुळे कुजतात. तिच्यात वाळू व मुरलेले शेणखत मिसळावे. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, म्हणून पहिली पेरणी तिची. मुलांचा धीर तेवढाच असतो. धणे तसेच टाकू नयेत, लाटण्याने हलके रगडून दोन फाके करावेत. कठड्याजवळ जागा असेल तर वाल लावावा. सुरती पापडी म्हणजे वालच. उंधियूत ती खाताना आपण तिचे कौतुक करतो. पावसाच्या शेवटी लावून सुतळीवर चढविला तर थंडीत फुलतो. आधी का फुलत नाही, याचे उत्तर मुलांनी दिवसाची लांबी मोजून काढावे. सूर्योदय-सूर्यास्त पंचांगात किंवा वर्तमानपत्रात मिळतात.

ट्रस्टच्या सभागृहामागील मोकळ्या जागेवर फरशी घालून वाहने ठेवण्याची सोय करावी, अशी सूचना पुढे आल्याचे ऐकतो. वाहनांची अडचण खरी आहे. आमची विनंती एवढीच, की दक्षिणेकडील भिंतीलगतची दोन हात रुंदीची पट्टी फरशीतून वगळावी. तेथे ऊन दिवसभर मिळते आणि नळ जवळ आहे. रविवारी तासभर येऊन मुलांना वाफा कसा ओढतात, बी किती खोल टाकतात, हे दाखविण्यास दोन-तीन वडीलधारी मंडळी तयार झाली तर आणखी काही नको. त्यांनी शिक्षक असण्याची गरज नाही. एकेकाळी शेत केलेले असावे.

सहलीस येणाऱ्या मुलांसाठी सूचना : कोरी वही, पेन्सिल, खोडरबर, पाण्याची बाटली, दुपारचा डबा. फूल-पान तोडावयाचे नाही. खाली पडलेले उचलावे. मोबाईल बसमध्ये. आधी चित्र काढावे, मग नाव लिहावे. ज्याला नाव आधी कळते तो झाडाकडे पाहत नाही. प्रत्येक पानावर झाडाची घरी चालणारी सर्व नावे लिहावीत, अहिराणी धरून. परतल्यावर या वह्या आम्ही एक आठवडा सभागृहातील मेजावर ठेवणार आहोत. पालकांनी, विशेषतः आजी-आजोबांनी, त्या चाळाव्यात आणि कोठे चूक दिसली किंवा गावचे एखादे नाव राहून गेलेले दिसले तर शेजारी लिहावे. पेन्सिलीने लिहावे, शाईने नको. मुलांना ते तपासून पाहावयाचे आहे.